जिन्यावरून लोटलेली पिकोची मशीन

मित्रांनो, मी साड्यांना पिको करणारी एक जुनी मशीन आहे, आणि माझा राग अजून उतरलेला नाही.

कारखान्यात मी घडले, पण मला जीव लावला तो कुसुमावतीबाईंनी. त्या उमरेडच्या विणकर घरातल्या. घरचे माग बंद पडले, तेव्हा त्यांनी गांधीबागेच्या कापडबाजारात पहिल्या मजल्यावर एक खोली भाड्याने घेतली आणि मला तिथे बसवलं. खालच्या दुकानांतल्या साड्या माझ्याकडे यायच्या. "कुसुमाची मशीन धागा ओढत नाही," असं व्यापारी म्हणायचे. मला फार अभिमान वाटायचा.

पुढे घरमालक वामनरावाला ती खोली एका बड्या व्यापाऱ्याला द्यायची होती. बाई भाचीच्या लग्नाला उमरेडला गेल्या होत्या. त्याने कुलूप तोडलं आणि मला जिन्यावरून खाली लोटलं. माझं चाक तुटलं, सुई वाकली. बाई परतल्या तेव्हा मी नालीच्या काठावर पडले होते, आणि दारावर नवं कुलूप होतं.

"काहून फेकली माही मशीन?" बाई ओरडल्या.

वामनराव हसला. "जाय ना वं कोर्टात! वकील लावाची ऐपत आहे का तुही?"

त्या हसण्याचा मला सूड हवा होता. पण मोडक्या मशीनच्या हातात काय असतं?

वामनरावाला एक गोष्ट ठाऊक नव्हती. शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या संघाने सगळ्यांचा मिळून एक विमा काढला होता. आजारपणाचा नव्हे, खटल्याचा. कामाच्या जागेचं भांडण कोर्टात गेलं, तर वकिलाची फी आणि कोर्टाचा खर्च विमा कंपनी देणार होती. हप्ता भरताना बाई कुरकुरायच्या. आता त्या थेट वकील उन्नतीताईंकडे गेल्या.

"मशीन दुरुस्त करू नका," ताई म्हणाल्या. "कोर्टाले पाहू द्या."

ताईंनी दावा लावला, आणि निकाल लागेपर्यंत खोली दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, असा कोर्टाचा हुकूम झाला. मग वामनरावाचा वकील तारखा मागत राहिला. बाई थकतील, असा त्यांचा हिशेब. पण बाईंचा खर्च विम्यातून भागत होता, आणि वामनरावाचा स्वतःच्या खिशातून. बडा व्यापारीही कंटाळून दुसरीकडे गेला. ते ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

शेवटी वामनराव बाईंच्या हुडकेश्वरच्या घरी आला. "कुसुमाबाई, केस मागे घ्या. नवी मशीन घेऊन देतो."

"मले नवी मशीन नाही पाहिजे," बाई म्हणाल्या. "साऱ्या गल्लीसमोर तुम्ही कुलूप उघडा, हे पाहिजे."

आणि तसंच झालं. निकाल बाईंच्या बाजूने लागला. माझी दुरुस्तीही वामनरावालाच करून द्यावी लागली. कोर्टाचा माणूस शेजारी उभा होता, दुकानदार वर पाहत होते, आणि वामनरावाने मान खाली घालून कुलूप उघडलं. मी पुन्हा माझ्या जुन्या जागी बसले.

मित्रांनो, यंत्रांना वेळेवर तेल द्या. तसंच, अन्याय झाला तर दाद मागता येईल, एवढी तजवीज आपल्या माणसांसाठी करून ठेवा. मला मात्र क्षमा करायला सांगू नका. वामनरावाची पावलं जिन्यात वाजली, की मी मुद्दाम जोरात खडखडते.