ज्युनियर भोवऱ्याची पँट

“हे धुतलंय का हो कधी?”

एवढंच विचारायचं होतं मला. समोर काचेच्या पेटीत भोवऱ्याचा पांढरा सूट उभा होता, त्याच्या कॉलरवर काहीतरी पिवळट-तपकिरी, बघवत नाही असं होतं, आणि माझ्या पाठीमागे वर्गातल्या लवंगी आणि ढब्बू एकमेकींना चिमटे काढत उभ्या होत्या. पैज त्यांनीच लावली होती. गेल्या वर्षीची मी असते तर त्या पेटीमागे लपून बसले असते. पण यंदा मी वक्तृत्वात दुसरी आलेय (तिघींतून, पण ते जाऊ दे), त्यामुळे माझा आवाज आता दालनाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचतो. पोचलाच.

वर्ग खिदळला. आमच्या बाईंनी पालकसभेसाठी राखून ठेवलेली नजर तिथल्या तिथे माझ्यावर खर्च केली. संग्रहालयाच्या ताई मात्र अशा खुलल्या, जणू इतकी वर्षं त्या याच प्रश्नाची वाट बघत होत्या.

“कधीच नाही! आणि मी इथे असेपर्यंत कुणी धुणारही नाही. तो घाम त्याचा स्वतःचा आहे. ती तपकिरी रेघ मेकअपची. धुतला की उरलं काय? शिंप्याकडून आणलेला नवा सूट!”

वा! माझे मोजे दोन दिवस खुर्चीवर राहिले तर आमच्या घरात भूकंप होतो. इथे एका माणसाचा घाम मंद दिव्यात, गार हवेत, पहारेकरी लावून जपला होता.

भोवरा म्हणजे आमच्या आईबाबांच्या तरुणपणीचा स्टार. गाता गाता स्वतःभोवती गरगर फिरायचा, मग गुडघ्यांवर धाडकन बसून स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घसरत जायचा. लोक म्हणे बेशुद्ध पडायचे. त्याच्याऐवजी लोक का पडायचे, हे मला अजून कळलेलं नाही.

“एकच दुःख आहे,” ताई म्हणाल्या. “खरा भोवरा फक्त मोठ्या शहरांत गेला. बाकी गावागावांनी पाहिला तो त्याची नक्कल करणारा ऑर्केस्ट्रातला कलाकार. निम्म्या लोकांचा भोवरा तोच! आणि आमच्याकडे अशा एकाचाही पोशाख नाही. नकलेचं कोण जपतंय?”

माझा हात वर गेला. मला न विचारता गेला.

“माझे बाबा ज्युनियर भोवरा होते. सूट आहे घरी.”

लवंगीने चिमटा थांबवला. ढब्बूचं तोंड उघडं राहिलं. कारण त्यांच्या माहितीत माझे बाबा नळ विकतात. नळ, शॉवर आणि बेसिनखालचे पाइप. तीच सगळ्यांची माहिती. घरात त्या दिवसांचा विषय निघाला की आई “तुमचे ते उद्योग” म्हणते आणि बाबा वर्तमानपत्र उंच धरतात. आईने लग्न भोवऱ्याशी केलं आणि संसार नळवाल्याशी, असं मामा म्हणतो. तो म्हणतो तेव्हा सगळे हसतात. बाबाही हसतात, पण जरा उशिरा.

ताईंनी तिथेच सांगून टाकलं, की शनिवारी त्या स्वतः घरी येतील. मी हवेत तरंगत घरी निघाले. आमच्या बाईंनी मात्र त्याआधीच पालकांच्या ग्रुपवर टाकलं होतं: ‘अभिमानाची बाब! आपल्या एका पालकांचा ऐतिहासिक पोशाख संग्रहालयात!’ खाली बत्तीस टाळ्या.

मी दारात पोचले तेव्हा आई बादलीपुढे बसली होती.

“आई, थांब! धुवायचा नसतो तो!”

“हो का? मोठ्या लोकांना काखेतले डाग दाखवू? आमची काही अब्रू आहे की नाही?”

“डागच हवेत त्यांना!”

“कुणाला हवे असतात गं डाग? संग्रहालय आहे की धोबीघाट?”

बादलीतलं पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं. ज्युनियर भोवऱ्याची सगळी कारकीर्द त्यात विरघळली होती, वर फेस आला होता. पांढरा कोट मात्र असा लख्ख, की त्याच्याकडे बघून डोळे दिपावेत. आईने एकेक टिकली जुन्या टूथब्रशने घासली होती. कौतुक करावं की रडावं?

बाबा बाथरूमच्या दाराशी येऊन उभे राहिले. मी ताईंचं सगळं बोलणं घडाघडा सांगितलं. घाम म्हणजे पुरावा, डाग म्हणजे इतिहास. ते बादलीकडे बघत होते.

“म्हणजे आता नाही घेणार ते?” त्यांनी विचारलं.

नळाला गळती लागलीय का, असं विचारतात ना, त्याच आवाजात. पण त्यांचा हात दाराच्या कडीवर होता आणि ती कडी ते उगाच वरखाली करत होते. तेव्हा मला कळलं, की या माणसाला हे भयंकर हवंय. तो हसण्याचा विषय आहे असं आपणच सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, त्याला विचारलं कुणीच नव्हतं.

“आणि पँट कुठाय?” आईने हात पुसत विचारलं. “आण ती पण. याच पाण्यात काढते.”

“पँट? ती... नसेल आता,” बाबा म्हणाले आणि आत गेले.

पुढचे दोन दिवस बाबा विचित्र वागले. ऐन उकाड्यात गुडघ्याखालपर्यंतचा लांब झब्बा घातला. जेवायला खाली बसेनात, उभ्यानेच जेवले. खाली पडलेला चमचा उचलायला सांगितला तर म्हणाले, “राहू दे, दुसरा घे.” आईला वाटलं पाठ धरली. तिने तेल गरम केलं. बाबांनी दाराला आतून कडी लावून घेतली.

शनिवारी ताई आल्या. सोबत चपटा खोका, पातळ कागद, पांढरे मोजे. म्हणजे हातात घालायचे. आईने इस्त्री केलेला कोट असा समोर धरला, जणू मुलगी दाखवायचा कार्यक्रम आहे.

“एक डाग शोधून दाखवा!”

ताईंनी शोधला. खरंच शोधला, बिचारीने. कॉलर उलटली, काखा पाहिल्या, अस्तर चाचपलं. चेहरा लांब लांब होत गेला. मग कोट फिरवला आणि थांबल्या. पाठीवर भलामोठा केशरी सूर्य होता, टिकल्यांचा.

“खऱ्या कोटाची पाठ कोरी आहे,” त्या म्हणाल्या.

“आमच्याकडे पोस्टर होतं फक्त. त्यात पुढूनच दिसायचा तो,” बाबा म्हणाले. “मागचं काय माहीत? मग हिने आणि शिंप्याने मिळून ठरवलं.”

“मोकळी बरी दिसत नव्हती पाठ,” आई म्हणाली.

ताई हसल्या, पण कोट त्यांनी हळूच आईच्या हातात परत दिला. “फार सुंदर आहे. पण समितीसमोर नेला तर पहिला प्रश्न हाच येईल, हा कधी स्टेजवर गेला होता कशावरून? कालच शिवल्यासारखा दिसतोय हो.”

आईचं इस्त्रीसारखं ताठ हसू एकदम चुरगळलं. ती कोटाकडे बघत राहिली. मला तिचा राग येणार होता, पण येईना. तिने तर पाहुण्यांसाठी घरातली सगळ्यात चांगली गोष्ट काढली होती.

बाबांनी घसा खाकरला.

“पँट आहे.”

“कुठे?” आईने विचारलं.

बाबांनी झब्बा वर केला. खाली पांढरी पँट! बटण लागत नव्हतं, म्हणून कमरेला नाडी बांधलेली. दोन दिवस माणूस ती घालून वावरत होता.

“अंगावरची कशी धुशील?” ते आईला म्हणाले.

“अगं बाई! झोपलातही यातच?”

बाबा आत जाऊन पायजमा घालून आले आणि पँट ताईंच्या हवाली केली. आता ताई खोक्यावर अशा वाकल्या, जशी ढब्बू वडापावाच्या... नको, ढब्बू हे वाचेल. गुडघे घासून पार जाळी झालेले. तिथे फळ्यांची धूळ, वॅक्स, खिळ्यांनी फाटलेलं.

“आणि हे मांडीवरचं लाल? रक्त?”

“रंग आहे तो,” आई म्हणाली. “मला तेव्हाच सांगितलं होतं यांनी. पडदा रंगवत होते.”

“टोमॅटो,” बाबा म्हणाले.

आईने डागाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

“एका गावात आयोजकाने खरा भोवरा येणार म्हणून तिकिटं विकली. मला माहीत नव्हतं. स्टेजवर गेलो, पहिल्या रांगेतल्या कुणीतरी ओळखलं. मग सुरू झालं.”

“एवढी वर्षं रंग म्हणून सांगितलंत?” आई म्हणाली.

ताईंचे डोळे मात्र चमकत होते. “टोमॅटो! खऱ्या भोवऱ्यावर कुणी टोमॅटो फेकलेच नाहीत. आमच्या अख्ख्या संग्रहात एकही टोमॅटो नाही!” मग त्यांचं बाबांकडे लक्ष गेलं आणि आवाज खाली आला. “म्हणजे... तुम्हाला चालणार असेल तर. पाटीवर लिहावं लागेल. शाळा येतात. मुलं हसतील.”

मुलं हसतील यात शंकाच नव्हती. आमचा वर्ग कॉलरच्या डागावर हसला होता, आणि सुरुवात कुणी केली होती, हे इथे सांगायला नको.

बाबांनी पँटच्या फाटक्या गुडघ्यावरून बोट फिरवायला हात पुढे केला. ताईंनी मोजा पुढे केला. त्यांनी मोजा घातला, मग बोट फिरवलं.

“लिहा,” ते म्हणाले. “टोमॅटो लिहा. पण पुढे हेही लिहा, की गाणं पूर्ण केलं. घसरत शेवटपर्यंत गेलो. टोमॅटोवरून जास्तच लांब गेलो.”

आई आधी हसली. मग बाबा, आणि या वेळी उशिरा नाही.

पँट कागदात गुंडाळून, खोक्यात निजून, गार हवेत राहायला निघून गेली. दार लागलं. खुर्चीवर उरला नापास झालेला, लख्ख, रिकामा कोट. आई त्याची घडी घालायला लागली, तेव्हा मी तो तिच्या हातातून ओढून अंगात घातला. बाह्या बोटांच्या पुढे लोंबत होत्या. मी एक गिरकी मारली आणि टीपॉयला धडकले.

“ऐका दोघं,” मी म्हणाले, दालनाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाणाऱ्या आवाजात. “शाळेच्या कार्यक्रमात मी नाव देतेय. एकटीचं गाणं, गिरक्या, घसरणं, सगळं. समोरून नक्कल असेना का, पाठीवरचा सूर्य आपला आहे, तो मी लोकांना दाखवणार. बाबा, उद्यापासून तुम्ही मला शिकवायचं. टोमॅटो आले तर आले. आणि आई, हा कोट यापुढे माझ्या घामाचा, याला पाणी लावायचं नाही.”