फळी ठोकलेली खिडकी

"फळी कुणी ठोकली?" बिबियानेनं विचारलं.

हातातला रिकामा टब तिनं खाली ठेवला नव्हता. मासळी कारखान्याच्या मागच्या भिंतीत कमरेच्या उंचीवर एक चौकोनी खिडकी होती. आत हॅलिबट माशांची डोकी कापली जायची आणि या खिडकीतून बाहेर पडायची. ज्याच्या घरी कुत्री आहेत त्यानं यावं, टब भरावा आणि न्यावा. कारखाना उभा राहिला तेव्हापासूनची ही रीत. आज खिडकीवर कोरी फळी होती. घाईत ठोकलेली असावी, कारण एक खिळा अर्धाच आत गेला होता.

"मी ठोकून घेतली," इव्हिक म्हणाली. ती कारखान्याची नवी मॅनेजर. तिशीही गाठली नव्हती. "आजपासून डोकी बाहेर जाणार नाहीत. गोठवून खोक्यांत भरायची. चीनला चाललीत."

"डोकी?"

"हो, डोकी. तिकडं त्यांचं सार करतात, पाहुण्यांना वाढतात. उद्या तिथल्या खरेदीवाल्या बाई येतायत बघायला."

"अहो, मग कुत्र्यांनी काय खायचं? तुमच्याच कुत्र्यांनी?"

आत मासे धुणाऱ्या दोघी फिसकन हसल्या. इव्हिकच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"हे बघ बिबियाने, कारखान्यात मला 'अहो' म्हणू नकोस. बाहेरची माणसं येतात आता. इथं मी मॅनेजर आहे."

बिबियाने टब काखेत मारून म्हणाली, "बरं, मॅनेजर. तू म्हणशील तसं."

तिनं इव्हिकला 'तू' म्हटलं ते आयुष्यात पहिल्यांदा.

उत्तर ग्रीनलंडच्या त्या वस्तीत 'अहो'चं नवल कुणालाच नव्हतं. माणूस गेला की त्याचं नाव पुढे जन्मणाऱ्या लेकराला द्यायचं, मग तो मुलगा असो की मुलगी. नावाबरोबर नातीही येतात. बिबियानेचा नवरा इव्हिक वसंतातल्या पातळ बर्फातून खाली गेला आणि त्याच वर्षी त्याच्या चुलतबहिणीला मुलगी झाली. तिचं नाव इव्हिक ठेवलं. बिबियानेनं तिला मांडीवर घेऊन पहिली हाक मारली ती "अहो" अशीच. पोरगी चालायला लागल्यावर नवऱ्याचा चाबूक तिच्या हाती दिला. त्याच्या आवडीचा वाळवलेला मासा आधी तिच्यापुढे जायचा. नवऱ्याच्या वाढदिवसाला बिबियाने दरवर्षी कुत्र्याच्या कातड्याचे हातमोजे शिवायची. पहिला जोड बाहुलीचा वाटावा एवढा होता. शाळेत मार खाऊन इव्हिक रडत आली की बिबियाने म्हणायची, "अहो, रडताय काय? शिकारी ना तुम्ही? बसा जेवायला." मग रडणं अर्ध्यावर थांबून हसू यायचं.

नवऱ्यामागे बिबियानेनं दोन गोष्टी सांभाळल्या, हे नातं आणि त्याची कुत्री. म्हणजे ती कुत्री नव्हेत, त्यांच्या पिल्लांच्या पिल्लांची पिल्लं. आता नऊ होती. ती स्वतः कारखान्यात डोकी कापण्याच्या टेबलावर होती आणि दीर पाव्हिया तिची कुत्री स्लेजला जुंपून मासेमारीला जायचा. दुकानातल्या कोरड्या खाण्यावर नऊ कुत्री पोसणं तिच्या पगारात बसणारं नव्हतं. पोसता येत नसतील तर गोळी घालायची, दुसरा मार्ग नव्हता. त्या हिवाळ्यात वस्तीतल्या दोन घरांनी तेच केलं होतं. त्यांच्या दारात आता रिकाम्या साखळ्या तेवढ्या बर्फात पडून होत्या.

संध्याकाळी पाव्हिया कॉफीला आला.

"वहिनी, दादानं खिडकी बंद केली म्हणे."

दादा म्हणजे इव्हिक. मोठ्या भावाचं नाव असलेल्या त्या पोरीला पाव्हिया दुसरं काय म्हणणार?

"केली. आणि मला म्हणते, 'अहो' म्हणू नकोस."

"भांडलात की काय नवरा-बायको?" तो हसला. ती हसत नाही असं पाहून त्यानं साखरेचा खडा तोंडात टाकला. "तिचंही ऐक जरा. पलीकडच्या वस्तीतला कारखाना बंद झाला, तिथं आता कोण आहे? कावळे. डोकी विकली तर कंटेनर भरतो. कंटेनर भरला तर आपला कारखाना राहतो. ती काही खोटं बोलत नाही."

"मी कुठं म्हटलं खोटं बोलते?"

"मग?"

"ती खरं बोलते म्हणून मी कुत्री मारायची होय?"

पाव्हियानं कॉफी ढवळली. साखर तोंडात होती, कपात नव्हती, तरी ढवळली.

"कारखान्याच्या वजनकाट्यावर चढेपर्यंत मासा कुणाचा?" बिबियानेनं विचारलं.

"ज्यानं ओढला त्याचा. हे काय विचारणं झालं?"

"मग उद्या मी येते तुझ्याबरोबर. सुरी घेऊन."

पाव्हियाला समजायला क्षणभर लागला. "दादा भडकणार."

"भडकू दे. लग्न झाल्यापासून भडकतोयच."

दुसऱ्या दिवशी बिबियाने कारखान्यात गेलीच नाही. खाडीवरचा बर्फ एप्रिलात सगळीकडे सारखा पांढरा राहत नाही. त्यात करडेपण येतं, त्या करडेपणाच्या छटा असतात, आणि कुठल्या छटेवर पाय टाकायचा हे माणसाआधी कुत्र्यांना कळतं. म्होरकी कुत्री मिकी दोनदा आपणहून वळसा घालून गेली. पाव्हियानं तिला अडवलं नाही.

बर्फातल्या भोकातून दोर वर येऊ लागला. एका आख्ख्या डोंगराच्या खोलीवरून एकेक चपटा काळा मासा येत होता. त्याचा एक डोळा डोक्याच्या अगदी कडेला सरकलेला. बाहेर काढल्यावर काही मिनिटांत मासा गोठून दगड होतो, त्याआधी सुरी फिरायला हवी. बिबियानेची सुरी फिरत राहिली. डोकी एका बाजूला, धडं एका बाजूला. शेजारच्या भोकावरचे दोघे जण थोडा वेळ पाहत उभे राहिले आणि मग आपापले मासे ओढत घेऊन आले.

"आमचीही काप की, बिबियाने. आमच्या घरी काय मांजरं आहेत?"

दुपारी कुत्र्यांपुढे डोकी पडली. त्यानंतर बराच वेळ खाडीवर हाडं फुटण्याखेरीज आवाज नव्हता.

कारखान्याच्या काट्यापाशी खरेदीवाल्या बाई उभ्या होत्या. त्यांचं नाव शू लान. कुणाचा तरी मोठा लाल कोट त्यांना दिला होता, त्याच्या बाह्यांत त्यांचे हात हरवले होते. इव्हिक त्यांच्याशी इंग्रजीत बोलत होती. पाव्हियाचं पहिलं खोकं काट्यावर आलं आणि ती बोलायची थांबली.

"डोकी कुठंयत?"

"जिथं जायची तिथं गेली, मॅनेजर," बिबियाने म्हणाली.

शू लानबाईंनी काहीतरी विचारलं. इव्हिकनं ओठ घट्ट मिटले, पण मग बोलली. "त्या विचारतायत, आमच्याकडं माशाचं डोकं पंगतीतल्या सगळ्यात मानाच्या माणसापुढं ठेवतात. तुम्ही कुत्र्यांना का घालता?"

"त्यांना सांग, आमच्याकडंही मान ज्याचा त्यालाच. हा मासा मी नाही आणला, पाव्हियानंही नाही. पाय बुडतील कुठं आणि तरतील कुठं हे ज्यांना कळतं त्यांनी आणलाय."

इव्हिकनं एकही शब्द न गाळता सांगितलं. शू लानबाई कुत्र्यांकडे वळल्या आणि ओळखीच्या वडीलधाऱ्यांना करावी तशी मान त्यांनी किंचित लववली. मग इव्हिकशी हळू आवाजात बोलल्या.

"त्या म्हणतायत, तुमचं कळलं. पण डोकी नसतील तर त्यांचा कंटेनर अर्धा रिकामा जातो. रिकामा कंटेनर न्यायला त्या इतक्या लांब येणार नाहीत."

"त्यांचं बरोबर आहे," बिबियाने म्हणाली. "आणि माझंही."

काट्याभोवती आता आठ-दहा माणसं जमली होती. इव्हिकनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

"पाव्हिया, बिनडोक्याचा मासा कारखाना घेणार नाही. आजपासून."

"अगं दादा, असं काय करतेस..."

"घेणार नाही."

पाव्हियानं मान खाली घातली. बिबियानेनं खोकं काट्यावरून उचललं आणि पुन्हा स्लेजवर ठेवलं. मग दुसरं. मदतीला कुणी पुढे आलं नाही आणि तिनं कुणाकडे पाहिलंही नाही. तिसरं खोकं तिच्यानं एकटीनं उचलेना, तेव्हा शू लानबाई पुढे झाल्या आणि त्यांनी दुसरी बाजू धरली. दोघींनी मिळून ते वर चढवलं.

घरी पोचल्यावर पाव्हिया दारातच थांबला. "वहिनी, मला तीन लेकरं आहेत गं."

"मी तुला काही म्हटलं का?"

"नाही. म्हणूनच तर."

दुसऱ्या दिवसापासून पाव्हियानं भावाच्या कुत्र्यांना हात लावला नाही. मेहुण्याच्या स्नोस्कूटरवरून गेला आणि डोक्यासकट मासा आणून काट्यावर घातला. बाकीच्यांनीही तेच केलं. त्यांना कुणी नावं ठेवली नाहीत, बिबियानेनं तर नाहीच. तिनं नवऱ्याचा जुना दोर आणि हातानं फिरवायचा रहाट माळ्यावरून काढला आणि एकटी बर्फावर जाऊ लागली. एका माणसानं रहाट फिरवायचा म्हणजे खांदे भरून यायचे, रात्री कूस बदलता यायची नाही. पण विकायचाच नाही म्हटल्यावर डोकं हवं की नको हे तिला कोण सांगणार? डोकी कुत्र्यांना, धडं घरामागच्या मांडवावर वाळत. आला-गेला त्यातलं थोडं घ्यायचा, बदल्यात कॉफी, पीठ, रॉकेल ठेवून जायचा. कारखान्यातल्या तिच्या खुंटीला दुसरीचा ॲप्रन लागला.

परतीच्या वाटेवर मात्र रोज एक गोष्ट घडायची. कारखान्याशी आली की मिकी सवयीनं मागच्या भिंतीकडे वळायची आणि नऊच्या नऊ कुत्री त्या खिडकीसमोर बसायची. तोंडं फळीकडे. पहिल्या दिवशी बिबियानेनं चाबूक उचलला, पण हात तसाच खाली आला. बसू दे म्हणाली. त्यानंतर रोज ती त्यांना तिथे बसू द्यायची. भुंकणं नाही, ओरडणं नाही. आतल्या बायका कामावरून सुटून बाहेर यायच्या आणि कुत्र्यांना वळसा घालून घरी जायच्या. एकदा इव्हिकनं निरोप पाठवला की कुत्री तिथे थांबवू नये. बिबियानेनं उलट निरोप धाडला, "जागा कारखान्याची, पण बर्फ कुणाचा ते मॅनेजरला विचारा."

नवऱ्याचा वाढदिवस आला. पाव्हिया सकाळी लवकर कारखान्यावर निघाला होता. त्याला खिडकीपाशी बिबियाने दिसली. फळीतल्या अर्ध्या खिळ्यावर ती काहीतरी अडकवत होती. नव्या हातमोज्यांचा जोड होता, बारीक टाक्यांचा. मनगटाला मिकीच्या आईच्या कातडीची पांढरी पट्टी.

"वेड लागलंय का, वहिनी? दादानं तुझं काम घेतलं, डोकी घेतली, आणि तू हातमोजे शिवतेस?"

"भांडण मॅनेजरशी आहे," बिबियाने म्हणाली. "नवऱ्याचे हात का गारठावेत?"

त्या दिवशी तिला जेमतेम पुरतील एवढेच मासे मिळाले. परत येताना ऊन तिरपं झालं होतं आणि दूर खाडीच्या तोंडाशी, मोकळ्या पाण्यात, कंटेनर न्यायला आलेलं जहाज उभं होतं. कुत्री नेहमीसारखी वळली आणि बसली.

खिळा रिकामा होता. फळी जागच्या जागी होती.

कोपऱ्यावरून इव्हिक आली. काट्यावरचं काम तसंच टाकून आली असावी, पांढरा कोट अंगावर होता. हातांत नवे मोजे. ती बिबियानेसमोर न येता कुत्र्यांसमोर जाऊन उभी राहिली. मिकी उठली, तिनं मनगटाची पांढरी पट्टी हुंगली आणि हुंगतच राहिली. इव्हिकनं हात मागे घेतला नाही.

"उद्या भरणार सगळं," जहाजाकडे पाहत ती म्हणाली. "डोकीही."

"भरू दे."

"कारखाना राहील यंदा तरी."

"राहू दे. राहायलाच हवा."

"मला फळी काढता येणार नाही, बिबियाने."

"मी काढा म्हटलं का?"

आतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्यामागे, माल न्यायला पुन्हा आलेल्या, लाल कोटातल्या शू लानबाई. बिबियानेनं स्लेजच्या पुढच्या टोकाला बसून चाबूक हातात घेतला आणि सगळ्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"अहो, बाजूला व्हा. कुत्र्यांना निघायचंय."

इव्हिक बाजूला झाली. नऊ पट्टे एकदम ताणले गेले आणि स्लेज तिच्या पायांजवळून घराच्या दिशेनं सरकली.