कोशाचं पाखरू

गोपिकाने पट्टी पतंगाच्या पंखांवर अलगद धरली. सतरा सेंटिमीटर. बदामाच्या खोडाला बिलगलेला तो पतंग हललाही नाही. पिवळसर मातकट चार पंख, प्रत्येकावर एक गोल डोळा आणि डोळ्याच्या मधोमध काचेसारखी स्वच्छ टिकली. एका टिकलीतून तिला खोडावरची मुंगी चालताना दिसली.

आई ओल्या हातांनीच मागे येऊन उभी राहिली.

"काय वं हे? वटवाघूळ त नाही?"

"वटवाघळाले अशा मिशा असतात का, आई?"

"तुह्या पुस्तकात असन."

गोपिका हसली, पण नजर पंखांवरच होती. सोमवारी कॉलेजच्या संग्रहालयातल्या जागेसाठी मुलाखत होती. प्रत्येकाने स्वतः पकडलेला, स्वतः ओळखलेला एक कीटक टाचून आणायचा होता. तिच्याकडे नेहमीचा एक भुंगा तेवढा होता. तिने पतंगाला जाळीच्या पेटीत घेतलं आणि ओसरीवर पुस्तक उघडलं.

मिशा अरुंद, म्हणजे मादी. भिंगाखाली डोकं पाहताना ती थबकली.

"हिले तोंडच नाही."

"मंग जेवते काय?"

"काहीच नाही. अळी असताना खाल्लं, त्याच्यावरच आठवडाभर जगते."

दुपारी नाव सापडलं. गोपिकाने ते दोनदा वाचलं आणि तांदूळ निवडणाऱ्या आईकडे पाहिलं. लग्नाआधी आईने, अंजनाबाईने, पवनीला आठ वर्षं कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा, धागा काढला होता. मांडीवर धागा वळून वळून गुळगुळीत झालेली जागा अजून तशीच होती.

"आई, हे कोशाचं पाखरू आहे."

"कोनत्या कोशाचं?"

"तू धागा काढत होतीस ना, त्याचंच."

सुपातले हात थांबले.

"आमी त कोसे उकळूनच घेत होतो," ती म्हणाली. "फुटका कोसा आला का मालक चिल्लाये. धागा तुटते म्हने. पाखरू निंगूच नाही दिलं कधी."

सूप बाजूला सारून ती पेटीजवळ जाऊन बसली. बदामाच्या पानांतून उतरलेलं ऊन जाळीवरून सरकत गेलं. पाखराचे पंख मध्येच जरासे उघडत, मिटत. जाळीला नाक लावून बसलेल्या आईचे ओठही तसेच हलत होते.

"सोमवारी टाचशील हिले?"

"हो."

"टाच. तुह्या नोकरीचं हाय." मग ती म्हणाली, "पन आधी एक डाव मले उडतानी दाखव."

एकदा सोडली की ती परत येणार नाही, हे सांगायला गोपिकाने तोंड उघडलं. आई पदर नीट करून, मांडी घालून बसली होती. सिनेमा सुरू व्हायची वाट पाहावी तशी. गोपिकाने पुस्तक मिटलं.

दिवेलागणीला तिने झाकण काढलं. पाखरू सावकाश चढत वर आलं आणि अंजनाबाईच्या मनगटावर थांबलं. त्याचं सगळं अंग थरथरू लागलं. अंजनाबाईने मनगट हवेत स्थिर धरलं. मग चारही डोळे एकदम उघडले, बदामाभोवती एक घिरटी झाली आणि कुंपणापलीकडच्या अंधारात ते रंग मिसळून गेले.

गोपिका जागची हलली नाही.

"काही भारच नाही वं तिले," मनगट तसंच हवेत धरून अंजनाबाई म्हणाली. "कोसा त हातात किती जड लागे."