एकमेवबाईंचं नाव

जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात तीन नंबरच्या खिडकीवर बसणाऱ्या कारकूनबाईला सगळं ऑफिस एकमेवबाई म्हणायचं. हे टोपणनाव तिनं स्वतःच्या हातानं ओढवून घेतलं होतं. सत्तावीस वर्षं ती बाळांची नावं नोंदवत होती, लाखभर तरी नावं तिच्या हाताखालून गेली असतील, पण तिचं स्वतःचं नाव असलेली दुसरी व्यक्ती तिला कधी भेटली नव्हती. हे ती सांगायची. चहा पिताना सांगायची, नव्या साहेबांना पहिल्याच दिवशी सांगायची, कुणी विचारलेलं नसताना तर हमखास सांगायची. "झालं सुरू एकमेवपुराण," असं म्हणून हेडक्लार्क कानावर हात ठेवायचे. ती हसायची, पण मनातून सुखावायची. माणसाकडे मिरवायला काहीतरी हवं असतं, आणि तिच्याकडे रूप बेताचं, शिक्षण जेमतेम, संसार चारचौघांसारखा. नाव तेवढं जगावेगळं.

ते नाव तिच्या वडिलांनी घडवलं होतं. वडील चष्म्याच्या काचांचे नमुने घेऊन गावोगाव फिरणारे विक्रेते. आठवड्यातले तीन दिवस घरी, बाकीचे रस्त्यावर. तिच्या जन्माची गोष्ट त्यांनी तिला इतक्या वेळा सांगितली होती की तिला ती डोळ्यांसमोर दिसायची. तू झालीस, मी दवाखान्याच्या पायरीवर बसलो होतो. माझी आजी एक गाणं गुणगुणायची, त्यातला एकच शब्द आठवत होता, त्याला मी शेपूट जोडलं आणि तुझं नाव तयार झालं. अर्थ काय? घरी परतायची ओढ. "पुस्तकात शोधशील तर सापडायचं नाही. खास तुझ्या मापाचं शिवलंय," ते म्हणायचे.

आणि आईनं त्यावर कळस चढवला होता. वडिलांना झोपेत बोलायची सवय. दुपारी पाठ टेकली की पाच मिनिटांत लेकीच्या नावानं हाका सुरू. "बघ गं," आई शेजारणीला सांगायची, "लोकांचे नवरे झोपेत घोरतात, आमचे पोरीला हाका मारतात." ती जिथे असेल तिथून "ओ" द्यायची आणि वडील शांत व्हायचे. आई जाऊन सहा वर्षं झाली. एक्याऐंशी वर्षांचे वडील आता तिच्याच घरी राहत होते, सुट्टीच्या दुपारी हाक अजून यायची आणि बावन्न वर्षांची ही बाई स्वयंपाकघरातून "ओ" द्यायची. दिवसभराचा शीण त्या एका हाकेनं उतरतो, असं ती लेकीला म्हणायची. खरंच उतरायचा.

मग दोन वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या सगळ्या दवाखान्यांची जुनी रजिस्टरं कार्यालयात आली. पानांचे फोटो काढून ते कॉम्प्युटरवर चढवायचं काम सुरू झालं. नाव टाकलं की ते किती जणांचं आहे, हे क्षणात कळू लागलं आणि खिडकीवर नवंच खूळ आलं. तान्ह्या बाळांचे आईबाप यायचे आणि विचारायचे, "अहो, हे नाव आत्तापर्यंत किती जणांनी ठेवलंय?" तेराशे म्हटलं की तोंडं पडायची. सात म्हटलं की बाई लाजायची आणि बाप शर्टाची कॉलर नीट करायचा. हेडक्लार्कनी तर सर्वांत गर्दीच्या दहा नावांची यादी भिंतीवर लावली. "एकमेवबाई, तुमचं नावही टाका की," ते चिडवायचे. "हातच्या काकणाला आरसा कशाला?" ती म्हणायची. शिवाय ती जन्मली त्या आजोळच्या गावची रजिस्टरं यायचीच होती.

ती आली, आणि नेमकी तेव्हाच लेकीच्या बाळाच्या नावाची मुदत भरत आली. जन्माची नोंद झाली तरी नावाचा रकाना वर्षभर रिकामा ठेवता येत असे. लेकीनं तो अकरा महिने रिकामा ठेवला होता. बाळाला नुसतं "चिमणे" म्हणून दिवस ढकलले आणि शेवटी फोनवर जाहीर केलं, "आई, आम्ही तुझंच नाव ठेवणार. तुझ्याबरोबर संपायला नको ते."

"वेडी का खुळी तू! माझं कसलं नाव," ती म्हणाली आणि ओढणीनं डोळे टिपले.

"एक काम कर. तुमच्या त्या मशीनमधून कागद काढून आण. 'एकूण नोंदी : एक' असा. फ्रेम करून पाळण्यावर लावते."

म्हणून बुधवारी जेवणाच्या सुट्टीत तिनं डबा बाजूला सारला आणि आपलं नाव टाकलं. हेडक्लार्क मुद्दाम खुर्ची ओढून शेजारी बसले होते.

एकूण नोंदी : दोन.

"अरेच्चा," हेडक्लार्क टाळी वाजवत म्हणाले, "एकमेवबाईंना जोडीदारीण मिळाली! आता तुम्ही दुमेवबाई." तीही हसली. कुणीतरी आपलं नाव ऐकून उचललं असेल, असं तिला वाटलं. तिनं पहिली नोंद उघडली.

मुलगी. जन्म तिच्या चौदा महिने आधी, तीन गावं पलीकडच्या दवाखान्यात. वडिलांचा धंदा : चष्म्याच्या काचांची फिरती विक्री. वडिलांचं नाव तिच्या वडिलांचं. आईचं नाव मात्र ओळखीचं नव्हतं. खाली माहिती देणाऱ्याची सही होती, आणि त्या सहीतल्या शेवटच्या अक्षराची रेघ मागे वळून सगळ्या नावाखालून गेली होती. तिच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं जात असे, तशीच.

त्या काळचे कारकून चोख होते. अनोळखी नाव आलं की लिहिण्यात चूक नको म्हणून ते बापाला समोर बसवून अर्थ विचारत आणि समासात टिपून ठेवत. दाखल्याच्या नकलेत हे समास येत नाहीत, म्हणून आजवर तिनं आपलाही समास पाहिला नव्हता. पहिल्या नोंदीच्या समासात बारीक अक्षरांत लिहिलं होतं : "नाव वडिलांनी स्वतः केले. आजीच्या गाण्यातील शब्द. अर्थ, घरी परतण्याची ओढ. वडील फार आनंदात."

तिनं दुसरी नोंद उघडली. तिची स्वतःची. समासात एवढंच होतं : "अर्थ विचारला. वडील घाईत, गाडीची वेळ."

हेडक्लार्कनीही वाचलं होतं. त्यांचं हसू मावळलं. "कधीकधी डबल एंट्री पडते," ते चाचरत म्हणाले. "मशीन शेवटी मशीनच."

"आई वेगळी आहे," ती म्हणाली.

मग हेडक्लार्क उठले आणि त्यांनी तिची खिडकी आपल्याकडे घेतली. त्यानंतर त्या ऑफिसात तिला कुणी एकमेवबाई म्हटलं नाही. चांगल्या मनानंच थांबले सगळे, पण ते थांबणंही तिला चटका लावून जायचं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा वडील खिडकीशी बसून चष्मा पुसत होते. काच उजेडाकडे धरायची, फुंकर मारायची, पुन्हा पुसायची. आयुष्यभराची सवय. चप्पलही न काढता ती समोर उभी राहिली.

"बाबा, माझ्या नावाची अजून एक आहे. माझ्याहून चौदा महिन्यांनी मोठी."

वडिलांचा हात थांबला. ते नाकारतील, चिडतील, असं तिला वाटलं होतं. आतून तिची तीच आशा होती. पण त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि ग्राहकाकडे बघावं तसं तिच्याकडे शांतपणे बघितलं.

"कागदावर सापडलं होय," ते म्हणाले. "मला वाटायचं, कुणी माणूसच येऊन सांगेल."

"आईला ठाऊक होतं?"

"नाही. तिला सुखात ठेवली मी."

"आणि तिला? माझ्या नावाच्या त्या दुसरीला?"

"कळलं तिला. पंधरा वर्षं झाली, माझ्याशी बोलत नाही. तिथे काही उरलं नाही आता."

"मग निवृत्त झाल्यावर इथेच का राहिलात? आमच्या ओढीनं?"

वडील जरा हसले. खोटं बोलायची उमेद आता त्यांच्यात उरली नसावी. "गुडघे," ते म्हणाले. "तिकडे तिसरा मजला होता."

तरीही जे विचारायला ती रस्ताभर धावत आली होती ते अजून बाकीच होतं. दुसरं घर मांडलं हा आईचा घात होता, आणि आई तो न कळताच सुटून गेली. पण नाव? नाव तर हिचं होतं.

"मला तिचंच नाव का दिलंत, बाबा? जगात दुसरं नाव नव्हतं?"

"तुला माहीत आहे माझी खोड," ते म्हणाले, आणि धंद्यातली एखादी युक्ती समजावावी तशा सुरात त्यांनी समजावलं. "झोपेत बडबडतो मी. इथे झोपलो आणि तिचं नाव निघालं तर? तिथे झोपलो आणि तुझं निघालं तर? दोघींचं एकच असलं की घोर मिटला. ते नावही असं की त्यात शंकेला जागा नाही. दुसऱ्या बाईचं म्हणावं, तर असं नाव कुणा बाईचं असतंय? लेकीचंच. तुझी आई तर खूशच व्हायची."

पन्नास वर्षं जी हाक तिनं दागिन्यासारखी जपली, तो म्हाताऱ्यानं केलेला पक्का बंदोबस्त होता. आणि पहारा दिला कुणी? तिच्या आईनं, शेजारणींना कौतुकानं सांगून सांगून. स्वतः तिनं, "ओ" देऊन देऊन.

"मग झोपेत हाक मारायचात," तिनं विचारलं, आणि तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला, "ती कुणाला?"

वडिलांनी प्रामाणिकपणे विचार केला. हेच तिला सगळ्यांत लागलं, की त्यांना विचार करावा लागला.

"झोपेतलं मला काय ठाऊक, बाळ?" ते म्हणाले.

शुक्रवारी मुदत संपत होती. सकाळीच ऑफिसात लेकीचा फोन आला, "आई, भरलंस का नाव?" तिनं सगळं सांगितलं. काहीही न लपवता, एका दमात.

"तरी ते तुझं नाव आहे, आई. आम्ही तुझ्यावरून ठेवतोय, आजोबांवरून नाही."

"माझं नाही गं. दुसरीचं होतं, मला वापरायला दिलेलं. चिमणीच्या गळ्यात नको बांधूस."

"मग काय ठेवायचं?"

तिनं मान वर करून भिंतीवरची यादी पाहिली आणि पहिल्या नंबरचं नाव वाचून दाखवलं. एकूण नोंदी : चार हजार तीनशे बारा.

"अगंबाई, इतकं गर्दीतलं?" लेक म्हणाली. "रस्त्यात हाक मारली तर वीस पोरी मागे वळतील."

"वळू देत. खास तुझ्यासाठी केलंय, असं तिला कुणी कधी सांगणार नाही."

तिनं ते नाव टाकलं, सही केली आणि चार हजार तीनशे तेरा हा आकडा एकदा बघून खिडकी उघडली.

रविवारी दुपारी वडील जेवून आडवे झाले. ती स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. त्यांना घराबाहेर काढायचं तिच्या मनात दोनदा येऊन गेलं होतं, पण गुडघे गेलेल्या माणसाला काढणार कुठे? औषधं वेळेवर, जेवण गरम, सगळं होत होतं. बोलणं तेवढं बंद होतं.

पाच मिनिटांत हाक आली. तेच नाव, झोपेतलं, ओढीनं घेतलेलं. "ओ" तिच्या ओठांपर्यंत आली. पन्नास वर्षांची सवय, तोंड उघडलंसुद्धा. तिनं ते मिटलं आणि हातातली ताटली घट्ट धरून ठेवली.

थोड्या वेळानं हाक पुन्हा आली, जरा घाबरलेली. ती जागची हलली नाही. जिचं नाव होतं तिनं ओ द्यावी, एवढंच तिला वाटत होतं. हाका येत राहिल्या, आणि घरात कुणीच ओ दिली नाही.