निळा पाहुणा

शी! त्या नाल्याचं नाव काढलं तरी मला आंघोळ करावीशी वाटते. पुनावळ्यातल्या आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून तो वाहतो. वाहतो कसला, रखडतो. डायपर, निर्माल्याच्या गाठ मारलेल्या पिशव्या, चिकनवाल्यानं फेकलेली पिसं आणि या सगळ्यावर पांढरा फेस. वरच्या अंगाला पत्र्याच्या शेडमध्ये केमिकलचे रिकामे ड्रम धुतात, फेस तिथून येतो. कोण धुतं, कुणाच्या परवानगीनं धुतं, ते विचारायचं नाही. फ्लॅट घेताना बिल्डरचा माणूस म्हणाला होता, "मॅडम, वॉटर व्ह्यू आहे." मेल्याला एकदा त्या व्ह्यूत बुडवून काढायला हवं होतं.

तरी रोज सकाळी चाकणची बस यायच्या आधी मी दुर्बीण घेऊन मागच्या बाल्कनीत उभी राहायचे. मी रुपाली, एका कंपनीत स्टोअर्सला आहे, आणि मला पक्ष्यांचं वेड आहे. पक्ष्यांना कसली आलीय घाण, किडे मिळाले की झालं. धोबी, खंड्या, शेकाट्या, सगळे मी नाकाला ओढणी लावून पाहिले. माझा नवरा सुरज आतून ओरडायचा, "दार लाव गं, चहाला वास लागतोय!"

त्या सोमवारी मात्र मी चहा विसरले, बस विसरले, वाससुद्धा विसरले. नाल्याच्या काठावर एक बगळा उभा होता आणि तो निळा होता. निळसर नव्हे, राखाडी नव्हे, चक्क निळा, चोचीपासून पायापर्यंत! भराभर पुस्तक चाळलं, तर आपल्याकडच्या एकाही बगळ्याशी जुळेना. फोनमधल्या ॲपला फोटो दाखवला. ते म्हणालं, लिटल ब्लू हेरॉन, राहणार अमेरिका.

"अहो, लवकर या, अमेरिकेहून आलाय!" मी किंचाळले.

सुरजला वाटलं तिकडे असलेला माझा भाऊ आला. तो बनियनवरच पुढच्या दाराकडे धावला.

अनोळखी पक्ष्याला नाव सापडतं ना, तो आनंद काय सांगू तुम्हाला! जीव नुसता वरखाली होतो. सगळ्या जगाला हाका मारून दाखवावंसं वाटतं. तो बगळा चालताना मान पुढेमागे डोलवत होता, अगदी आपल्या साध्या गायबगळ्यासारखी. हे मला दिसलं होतं. पण मला त्या वेळी अमेरिका हवी होती, म्हणून मी ते सोडून दिलं.

फोटो मी सुजितला पाठवला. सुजित म्हणजे आमच्या पक्षीमित्र ग्रुपचा ॲडमिन, हाताएवढी लेन्स लावून हिंडतो. तो पिंपळे गुरववरून ट्रॅफिकमधून धावत आला, लेन्स लावून पाहिलं आणि माझे हातच धरले. "ताई, इतिहास घडवलात! हा आपल्याकडे कधी आलेलाच नाही." दुपारपर्यंत फोटो गावभर झाला. खाली नाव सुजितचं होतं, पण ते जाऊ द्या.

गुरुवारी चौकात फ्लेक्स लागला. 'परदेशी पाहुण्याचे पुनावळे नगरीत सहर्ष स्वागत!' बगळा कोपऱ्यात एवढासा आणि मधोमध हात जोडलेले बन्सीभाऊ, भावी नगरसेवक. रविवारी स्वागत समारंभ, ढोलताशा आणि सेल्फी पॉइंट. मग काय, लोकांची रीघ लागली. काठावर उभं राहून वेफर्स खायचे, पाकीट नाल्यात टाकायचं आणि म्हणायचं, "किती माणसाळलाय बघा, उडतच नाही!"

मलाही सोमवारी तसंच वाटलं होतं. शनिवारी सुट्टी होती, म्हणून पहिल्यांदाच निवांत दुर्बीण लावली. माणसाळलेला कसला, बिचारा उडायला बघत होता आणि त्याला उडता येत नव्हतं! पंख अंगाला चिकटून बसले होते. मान लोंबत होती. त्यानं एकदा जोर लावून डावा पंख जरासा उचलला, तेव्हा काखेत पिसं दिसली. ती पांढरी होती.

रंग होता तो! वरच्या शेडमधून सोडलेल्या पाण्यातला रंग, आणि हा त्यात लोळून निघालेला. पक्षी मरायला टेकला होता आणि आम्ही त्याचं बारसं करत होतो. नाल्याची किळस मला रोजच यायची, त्या दिवशी स्वतःची आली.

पक्षी सोडवणाऱ्या संस्थेला फोन लावला. ते म्हणाले गाडी सोमवारी येईल. मी चपला घालून तरातरा खाली गेले. सुजित काठावर कॅमेऱ्याची तिवई मांडून बसला होता.

"सुजित, अरे रंग आहे तो. काखेत पांढरा आहे. आज बाहेर काढला नाही तर मरेल."

त्यानं कॅमेऱ्यात फोटो मोठा करून पाहिला. बराच वेळ पाहिला. त्याला कळलं, आणि त्याला कळलंय हे मलाही कळलं. मग त्यानं स्क्रीन बंद केली.

"असं ठामपणे नाही म्हणता येत, ताई. मोठमोठे तज्ज्ञ फोटो बघतायत. तोवर कुणी हात लावायचा नाही."

बाजूला बन्सीभाऊ मांडववाल्याला खांब कुठे रोवायचे ते दाखवत होते. माझा आवाज ऐकून जवळ आले.

"वहिनी, उद्याच्याला कार्यक्रम हाय. तेवढा टिकू द्या की पाव्हणा. मग आमीच न्हेतो दवाखान्यात."

"आणि उद्यापर्यंत मेला तर?"

"मेला तर श्रद्धांजली ठिवू. त्यात काय एवढं?"

शिसारी आली मला. मी तशीच घरी आले आणि पलंगावरची चादर ओढली.

"अगं, ती माझी सोलापुरी चादर आहे! आईनं दिलेली!" सुरज म्हणाला.

"मग आईंना पुण्य लागेल. चला."

दुपारी मंडळी जेवायला पांगली, तेव्हा आम्ही भिंतीच्या फटीतून उतरलो. ई गं! पाय घोट्यापर्यंत त्या काळ्या चिखलात गेला आणि बोटांच्या मधून काहीतरी गिळगिळीत वर आलं. सुरजला ओकारी आली, पण गडी मागे नाही फिरला. बगळ्यानं पळायची दोन पावलं टाकली आणि तो फेसात बसूनच राहिला. मी चादर टाकली. हातात धरला तर वजनच नव्हतं त्याला, नुसतं काळीज उडत होतं.

बाथरूममध्ये कोमट पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड घेऊन बसलो. बादली निळी, फरशी निळी, माझे हात कोपरापर्यंत निळे. वास तर असा, की डोळ्यांतून पाणी येत होतं. सुरज पाणी बदलत होता आणि रंग सोडणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरत होता. मी चोचीवरून हळूच बोट फिरवलं आणि खालून पिवळी धमक चोच निघाली. मग मानेचं एकेक पीस पांढरं व्हायला लागलं.

"गायबगळा!" मी ओरडले. "अहो, आपला गायबगळा आहे हो!"

खरं सांगते, सोमवारी झाला नव्हता एवढा आनंद मला तेव्हा झाला. जन्मभर म्हशींच्या मागे बघितलेला पक्षी, पण त्याला ओळखलं आणि रडूच फुटलं.

संध्याकाळी बेल वाजली. दारात बन्सीभाऊ आणि सुजित.

"वहिनी, पाव्हणा कुठाय?"

मी खोक्याचं झाकण उघडलं. आत तो उभा होता, जरा फिकट निळ्या कडांचा, पण पांढरा. त्यानं रागानं चोच मारली, तेव्हा मला फार बरं वाटलं. बन्सीभाऊ खोक्यात बघत राहिले.

"ह्यो बगळा हाय. आमचा निळा कुठाय?"

"हाच तो. विचारा सुजितला."

सुजितनं त्या बगळ्याकडे पाहिलं, माझ्या निळ्या हातांकडे पाहिलं आणि मग जिन्याकडे पाहिलं. "हा तो नव्हे," तो म्हणाला. "तो उडून गेला असणार. लोकांच्या गर्दीनं."

एवढी वर्षं या माणसाला मी मानत होते. थुंकावंसं वाटलं, पण दार आमचं होतं.

रविवारी उजाडताच आम्ही गाडीवरून माण गावाला गेलो. तिकडे टॉवरांच्या मधे अजून थोडी शेतं उरलीयत. चार म्हशी चरत होत्या. खोकं उघडलं. बगळा बाहेर आला, पंख झटकले, आमच्याकडे वळूनही न बघता उडाला आणि म्हशींच्या पायांपाशी जाऊन उतरला. सुरजनं माझ्या पाठीवर हात ठेवला. येताना आम्ही मिसळ खाल्ली आणि घाणीतून एक जीव सुटला म्हणून मी गाडीवर चक्क गुणगुणत होते.

चौकात वळलो तर ढोल वाजत होते. मला वाटलं, पाहुणा नसताना हे कसला समारंभ करतायत? गर्दीतून वाट काढत काठावर गेलो. मांडवात बन्सीभाऊ फेटा बांधून उभे होते, तोंडावर हसू मावत नव्हतं.

"या वहिनी, या! उगा जिवाला घोर लावला व्हता तुमी. पाव्हणा माघारी आला, बरं का! आन् खटलं घेऊन आला!"

खाली फेसात तीन बगळे उभे होते. निळे. त्यातला एक पंख उचलायला बघत होता, पण तो उचलला जात नव्हता. लोक टाळ्या वाजवत होते. सुजित लेन्सला डोळा लावून होता. मी जवळ जाऊन उभी राहिले, तरी त्यानं डोळा काढला नाही.

मी ओढणी कमरेला बांधली आणि सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली.

"अहो," मी सुरजला म्हटलं, "घरात चादरी किती आहेत?"