तिसऱ्या मजल्यावर मी का थांबते?

मित्रांनो, सुट्टी लागली की तुम्ही माझ्या पोटात शिरता, दार ओढून घेता आणि तुमच्यातला एखादा वार्ताहर स्वयंपाकघरातून पळवलेला डाव माइकसारखा माझ्या हवेच्या भोकांसमोर धरून माझी मुलाखत घेऊ लागतो. प्रश्नांना तुमच्याकडे तोटा नाही. उत्तर ऐकायला मात्र कोणी थांबत नाही, कारण तेवढ्यात कोणाचा तरी मजला येतो. म्हणून आज सगळी उत्तरे एकदमच देऊन टाकते. मी एक जुनी लिफ्ट आहे, जाळीच्या सरकत्या दाराची. खाली तळमजला, वर पाच मजले आणि त्यांच्यामधली ये-जा, एवढाच माझा संसार.

पहिला प्रश्न नेहमी एकच, तुझे वय काय? बाईमाणसाला वय विचारू नये, एवढे तरी तुम्हाला घरात शिकवले असेल. इतकेच सांगते, की माझ्या आतल्या लाकडी फळ्या एका सुताराने हाताने रंधा मारून बसवल्या होत्या आणि आरसा बसवल्यावर त्याने त्यात आधी स्वतःच्या मिशा नीट केल्या होत्या. मी सुरू झाले त्या दिवशी सगळी इमारत रांगेत उभी होती. तळमजल्यावरच्या एका मावशींचे वर काहीच काम नव्हते. तरी त्या पाचव्या मजल्यापर्यंत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, “बाई, पोटात गोळा आला गं, पण परत एकदा ने!” त्यानंतर मी नवऱ्या मुली खाली आणल्या, तान्ही बाळे वर नेली, पियानोएवढी कपाटे चढवली. तेव्हा माझे पितळ रोज घासले जायचे. आता लोकांना माझी आठवण मी बंद पडल्यावरच होते.

चक्कर येते का? नाही. भीती वाटते का? वाटते. वीज गेली की आत अडकलेला माणूस ओरडतो तरी, मला तेही जमत नाही. कोण आवडत नाही? दाराला लाथ मारणारा आणि चघळलेला डिंक माझ्या कठड्याखाली चिकटवणारा. तो कोण, हे मला ठाऊक आहे. नाव घेत नाही, फक्त दुसऱ्या मजल्याकडे बघते. आणि मध्येच अडून का बसतेस? कारण कोणत्याही मजल्यावर माझे दार बोटभर उघडे राहिले तरी मी जागची हलत नाही. ती माझी खोड नव्हे, शिस्त आहे.

माझी खरी खोड तुम्हाला माहीत आहे. पाचव्या मजल्याचे बटण दाबले तरी मी आधी तिसऱ्यावर थांबते. पुन्हा बटण दाबावे लागते, मग पुढे जाते. तुम्ही म्हणता भूत आहे. भूतबीत काही नाही. या प्रश्नाचे उत्तर जरा मोठे आहे, तेव्हा कठड्याला टेकून बसा.

तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा तुमच्या ओळखीचे आहेत. रोज सकाळी टोपी घालून ते एकटेच बागेपर्यंत जातात, बाकावर बसतात आणि परत येतात. रस्ता सरळ आहे, पायांना पाठ आहे, वाटेत दुकानदार हात करतात. पण अलीकडे आजोबांच्या डोक्यातले आकडे पुसले गेले आहेत. आपला मजला कितवा, हे त्यांना आठवत नाही. आणि आपल्या इमारतीत सगळे मजले सारखेच आहेत, तीच फरशी, तोच कठडा, त्याच रंगाची दारे.

त्यांचा मुलगा परगावी असतो. त्याने आजींना बजावून ठेवले होते, “आई, बाबा एकदा जरी चुकले ना, तर त्यांचं एकट्यानं बाहेर जाणं बंद. दाराला कुलूप लावायचं.” मुलगा वाईट नाही, काळजीपोटी बोलला. पण ती सकाळची फेरी हेच आजोबांचे उरलेसुरले स्वातंत्र्य होते. ते गेले असते तर आजोबा खिडकीशी बसून झुरले असते, हे आजींना कळत होते.

म्हणून आजींनी माझ्या जुन्या मिस्त्रींना गाठले. मिस्त्रींनी डोके खाजवले.

“आजी, थांबवता येईल तिसऱ्यावर. पण वरचे लोक मला शिव्या घालतील.”

“घालू देत. तुम्ही चहा प्यायला आमच्याकडे येत जा,” आजी म्हणाल्या. “आणि हे कोणाला सांगू नका. आमचे हे कधी कोणाच्या दयेवर जगलेले नाहीत.”

मिस्त्रींनी गच्चीवरच्या खोलीत माझ्या पेटीत एक लाल तार जोडली. आजींनी आजोबांना एवढेच शिकवले, “सगळ्यात वरचं बटण दाबायचं. पुढचं लिफ्ट बघून घेईल.” तेव्हापासून मी तिसऱ्यावर थांबू लागले. समोर दार उघडे असायचे, दारात आजी उभ्या असायच्या. आजोबा टोपी काढून ऐटीत म्हणायचे, “बघ, बरोबर आलो की नाही!” मला किती बरे वाटायचे म्हणून सांगू!

पण मिस्त्री थकले आणि आपल्या लेकीकडे राहायला गेले. इकडे पाचव्या मजल्यावरचे घाईकाका माझ्यावर वैतागले होते. त्यांना तुम्ही ओळखता, एक मोजा पायात आणि एक हातात घेऊन निघणारे. रोज तिसऱ्यावर थांबावे लागते म्हणून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. सगळ्यांचे भले होईल म्हणून त्यांनी एका दुपारी नवा मिस्त्री आणला. आजी तेव्हा झोपल्या होत्या. नव्या मिस्त्रीने पेटी उघडली आणि म्हणाला, “ही तार कोणी घुसडली इथं?” आणि ती उपटून खिशात टाकली. घाईकाकांनी माझ्या फळीवर थाप मारली, “आता कशी सुतासारखी सरळ आली!” इतक्या वर्षांनी कोणीतरी माझे कौतुक केले आणि तेच मला नको होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा बागेतून आले. दार ओढले, सगळ्यात वरचे बटण दाबले. पहिला मजला गेला, दुसरा गेला. तिसरा आला तेव्हा त्यांनी दाराकडे हात नेला. दारात आजी उभ्या होत्या. आणि मी थांबले नाही. मित्रांनो, मला थांबायचे होते, पण मला कोणी थांबू दिले नाही. जाळीतून आजोबांचे बूट वर सरकताना आजींनी पाहिले आणि त्या “अहो!” म्हणून ओरडल्या.

पाचव्यावर आजोबा उतरले. माझे दार त्यांनी उघडेच ठेवले, त्यामुळे मी तिथेच अडकले आणि आजींना जिना चढावा लागला. त्यांचे गुडघे कसे आहेत, ते तुम्हाला माहीत आहे. समोर घाईकाकांचे दार उघडे होते. आजोबा आत गेले, खुंटीला टोपी अडकवली, खुर्चीत बसले आणि म्हणाले, “चहा टाक गं. ऊन फार आहे आज.”

काकू गोंधळल्या, पण शहाण्या बाई त्या, त्यांनी चहा टाकला. घाईकाका एक मोजा हातात घेऊन बघत राहिले. तेवढ्यात धापा टाकत आजी दारात आल्या. आजोबा त्यांना बघून अदबीने उठले.

“या, या. दमलात वाटतं? बसा ना. आमची ही आत चहा टाकतेय.”

आजींनी चौकट घट्ट धरली. मग पदर सारखा करून त्या समोरच्या खुर्चीच्या कडेवर बसल्या. “हो,” त्या म्हणाल्या, “दमले जरा.” आणि आपल्याच नवऱ्याच्या पाहुण्या होऊन त्यांनी चहा घेतला. मला रडता येत नाही हे किती बरे आहे, असे मला तेव्हा वाटले.

नंतर माझ्या दारापाशी येऊन आजी हळू आवाजात घाईकाकांशी बोलल्या. “माझ्या मुलाला कळवू नका हो. कुलूप लावील तो.” मग त्यांनी लाल तारेची सगळी हकिगत सांगितली.

घाईकाकांचा चेहरा पडला. “आजी, ती तार मीच काढायला लावली. मला वाटलं, लिफ्ट बिघडली आहे.”

“बिघडली नव्हती, बाबा. मीच बिघडवून घेतली होती.”

त्या दिवशी घाईकाका कामावर उशिरा गेले. “चला आजोबा, जरा खाली जाऊन येऊ,” म्हणत त्यांनी आजोबांची टोपी त्यांना दिली, माझे दार नीट लावले आणि तिसऱ्याचे बटण दाबले. आपले दार दिसताच आजोबांचा चेहरा फुलला. मागून उतरणाऱ्या आजींकडे वळून ते म्हणाले, “बघ, बरोबर आलो की नाही!”

“आलात,” आजी म्हणाल्या. “अगदी बरोबर आलात.”

नव्या मिस्त्रीला निरोप गेला तेव्हा तो हसला. “साहेब, लोक मला खोड काढायला बोलावतात. खोड घालायला पहिल्यांदाच कोणीतरी बोलावतंय.” तो येईपर्यंत घाईकाका रोज सकाळी खाली वर्तमानपत्र वाचत उभे राहायचे. आजोबा आले की, “अरे वा, मीही वरच चाललोय,” म्हणून सोबत यायचे आणि त्यांच्या नकळत तिसऱ्याचे बटण दाबायचे. घाईकाकांना वाट बघता येते, हे इमारतीला तेव्हा समजले. आता ती तार पुन्हा जागेवर आहे आणि वरच्या मजल्यांवरची माणसे न कुरकुरता दोनदा बटण दाबतात. मुलाला कोणी काही कळवले नाही.

तेव्हा मित्रांनो, माझे पितळ घासले नाहीत तरी चालेल. पण एखादे यंत्र किंवा माणूस विचित्र वागताना दिसले, तर त्याला सरळ करण्याआधी जरा चौकशी करा. ते वागणे कदाचित कोणाच्या तरी उपयोगाचे असेल.

आज सकाळी मला आणखी एक प्रश्न आला, तुमच्याकडून नव्हे. आजोबा एकटेच होते. त्यांनी माझ्या फळीवर हात ठेवला आणि कोणी ऐकत नाही ना, असे बघून विचारले, “तुला कसं गं कळतं, माझं घर कुठलं ते?”

मला बोलता आले असते तर सांगितले असते, आजोबा, मला नाही कळत. पण ती बघा, समोर दारात उभी आहे ना, तिने मला सांगून ठेवले आहे.