बोर्डावर चप्पल

धनश्रीने उंबऱ्याजवळच्या चपला उचलल्या, हातात धरल्या आणि अनवाणीच रंगमंच ओलांडून ती विंगेत गेली.

"ताई, पायात!" रिकाम्या खुर्च्यांमधून सुश्रुत ओरडला. "हातात नाही, पायात घालायच्यात."

"चुकलं सर. परत घेते."

परत घेतलं तेव्हाही चपला हातातच. दिग्दर्शक म्हणून सुश्रुत शांत माणूस, पण त्यानेही डोक्याला हात लावला. भिंगारच्या शाळेच्या हॉलमध्ये महिनाभर तालमी झाल्या, तिथे या बाईने एकदाही ही चूक केली नव्हती. पण तो हॉल होता, खाली साधी फरशी. आज प्रयोगाच्या सकाळी ती पहिल्यांदा नगरच्या नाट्यगृहात खऱ्या फळ्यांवर, तिच्या भाषेत बोर्डावर, उभी राहिली आणि तिच्या पायांनी संप पुकारला.

नाटकाचा शेवट त्या चपलांवरच होता. पाथर्डीकडची एक बाई, जन्मभर सासरच्या उंबऱ्याआत राबलेली, शेवटी एक शब्द न बोलता चपला घालते आणि निघून जाते. दिवे गेल्यावरही चपलांचा आवाज येत राहतो. संगीत नाही, काही नाही. सुश्रुतने हा शेवट फार जीव लावून बसवला होता.

"बोर्डावर चप्पल कशी घालू सर?" धनश्री हळूच म्हणाली. "आमच्यात न्हाई चालत. कळतंय मला, पन पायच उचलंना."

"तो बोर्ड नाहीये ताई. त्या बाईचं अंगण आहे."

"व्हय," ती म्हणाली आणि खाली फळ्यांकडे बघत राहिली.

संध्याकाळी पुण्याहून एक सिनेमावाला तिला बघायला येणार होता. सिनेमावाले तिला नवे नव्हते. जामखेडच्या कला केंद्रात ती वयात आल्यापासून लावणी नाचली, आणि तिथे आलेल्या प्रत्येक सिनेमावाल्याने तिच्याकडे एकच मागितलं: एक गाणं. गाणं झालं की बाईचं काम संपलं. या माणसाला सरपंचबाईच्या भूमिकेसाठी नटी हवी होती आणि त्या भूमिकेत कुठेही घुंगरू नव्हते. धनश्रीचा डावा गुडघा आता जिना चढताना कुरकुर करायचा. हे काम हुकलं तर परत तीच लावणीची बैठक, आणि तीही आता किती दिवस, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दुपारी जामखेडच्या एसटीने तिची आई आली. भागूबाई स्वतः एके काळची नाचणारी. ढोलकी नाही, गाणं नाही, मग लोक बघणार काय, असा तिचा रोकडा सवाल होता. विंगेच्या तोंडाशीच तिने चपला काढल्या, फळीला हात लावून तो कपाळाला लावला आणि नगरसारख्या शहराचा भरवसा नको म्हणून चपला पिशवीत टाकून पिशवी काखेत मारली.

जेवताना धनश्रीने तिला सगळं सांगितलं.

"मंग? घालनार हायेस?"

"घालावी लागंल."

"न्हाई घालायची." भागूबाईने भाकरीचा तुकडा मोडला. "ल्हान हुतीस, चप्पल घालून बोर्डावर पळालीस, तवा वळ उठंस्तोवर मारलं हुतं म्या. उगं न्हाई मारलं. ज्यानं पोटाला घातलं त्याच्यावर चपलीचा पाय द्यायचा न्हाई."

आईपुढे बोलायची धनश्रीची कधी छाती झाली नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिला आईचं पटतच होतं. हीच तर पंचाईत होती.

संध्याकाळी ती रंगमंचावर आली तशी मागच्या रांगेतून एक शिट्टी आली. एरवी शिट्टीला तिची भुवई आपोआप वर जायची. आज ती सुपातले खडे वेचत राहिली. दुसरी शिट्टी आलीच नाही. विंगेत स्टुलावर बसलेल्या भागूबाईने पान लावायला घेतलं होतं, ते तसंच हातात राहिलं. नाटकातली सासू कडाडली तेव्हा तिने खऱ्या सासूला द्यावी तशी एक शिवी पुटपुटली.

शेवट आला. धनश्री उंबऱ्याशी येऊन थांबली. चपला समोर होत्या. ती वाकली, हात चपलेच्या पट्ट्यापर्यंत गेला आणि तिथेच अडला. प्रेक्षागृहाच्या मागे उभ्या असलेल्या सुश्रुतने डोळे मिटून घेतले.

तिने मान वर करून विंगेकडे पाहिलं. तिथे तिची आई उभी राहिली होती. भागूबाईने पिशवीतून आपल्या चपला काढल्या आणि फळीवर ठेवल्या. क्षणभर ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने एक पाय सरकवला, मग दुसरा, आणि चपला घालून ती बोर्डावर ताठ उभी राहिली. चेहरा मात्र भांडायला आल्यासारखा होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

धनश्रीचा हात मागे आला. तिने चपला पायात घातल्या आणि ती निघाली. फट्, फट्, फट्. दिवे गेले. अंधारात तो आवाज आईपर्यंत चालत गेला.

बाहेर टाळ्यांचा कडकडाट झाला. विंगेत उजेड आला तेव्हा भागूबाई अनवाणी होती आणि फळीवर डोकं टेकून बसली होती.

"आई..."

"तुझ्या वाटचाबी नमस्कार केलाय म्या."

"ताई, चला, लोक उभे राहिलेत! पुण्याचे ते सिनेमावालेसुद्धा!" सुश्रुत धापा टाकत आला. धनश्री वळली, तसा आईने बसल्या जागेवरूनच तिचा घोटा धरला. एकेक पाय उचलून तिने लेकीच्या चपला काढून घेतल्या.

"ती बाई गेली आता," भागूबाई म्हणाली. "तू अनवानी जा."